मुलाचा प्रश्न आणि पित्याचें उत्तर

महाराष्ट्रांत मनुष्याच्या नांवाच्या मधोमध त्याचा बाप बसलेला असतो. शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा, मतदारांची यादी, लग्नाची पत्रिका, कोठेंही पाहावें. स्वतःचें नांव आणि कुळाचें आडनांव यांच्यामध्यें पित्याचें नांव लिहिल्यावांचून आमच्याकडे मनुष्याची ओळख पुरी होत नाहीं. (मुलीच्या बाबतींत लग्नानंतर ही जागा नवऱ्याकडे जाते; तो निराळा आणि अधिक कडू विषय आहे.) १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नांवामागून आधीं आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव लिहावें, असा नियम महाराष्ट्र शासनानें केला. या नियमाबद्दल आम्हांस संतोषच आहे; परंतु त्यानें एक जुना प्रश्न पुन्हां जागा केला. आईनें ही जागा कशी मिळविली हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. बापानें मात्र ती इतकीं वर्षें कशाच्या बळावर राखिली? मुलाच्या घडणींत त्याचा म्हणून जो वांटा आहे तो नक्की कोणता?

या प्रश्नाचीं नेहमींचीं उत्तरें तीन आहेत. पिता बीज देतो, पिता पोसतो आणि पिता वळण लावतो. यांपैकीं पहिल्यांत पित्याचें कर्तृत्व असें कांहींच नाहीं. दुसरें ऋण खरें आहे, पण तें ओझें काका, मामा, थोरला भाऊ आणि एकटी आईही उचलतांना आपण पाहतों. तिसऱ्या उत्तराबद्दल मात्र आम्हांस बोलावयाचें आहे. कारण 'वळण' या गोड शब्दाखालीं आमच्या समाजानें पुष्कळ गोष्टी झांकून ठेविल्या आहेत. मुलाचे पांच वर्षें लाड करावे, पुढें दहा वर्षें त्याला मारावें, आणि सोळावें लागलें कीं मित्रासारखें वागवावें, असें एक संस्कृत सुभाषित सांगतें. ज्यांना तें पाठ नव्हतें त्यांनींही तें पाळलें. पण मनापासून पाळलें तें मधलें दशक तेवढें. ज्याला दहा वर्षें मारलें तो एका वाढदिवसाच्या मुहूर्तावर मित्र कसा व्हावा, याचा उलगडा सुभाषितकारानें केलेला नाहीं.

जुन्या एकत्र कुटुंबांत तर बाप मुलापासून फारच दूर असे. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःचें मूल उचलून घेणें पुरुषाला लाजिरवाणें वाटे. आपल्याच मुलाचे लाड करणें म्हणजे भावांच्या मुलांशीं दुजाभाव करणें, असा त्याचा अर्थ होई. कित्येक घरांतून मुलें बापाला 'बाबा' म्हणतच नसत. घरांतलीं इतर माणसें जी हांक मारीत तीच, म्हणजे अण्णा, तात्या, नाना, भाऊ, अशी हांक त्याचीं मुलेंही मारीत. या रीतींत एक प्रकारचा न्याय होता हें आम्ही नाकारीत नाहीं. दहा मुलांच्या घरांत एकाच्याच डोक्यावरून हात फिरणें बरें दिसलें नसतें. परंतु त्या न्यायाची किंमत मुलें देत होतीं. वडील ओटीवर खोकले कीं माजघरांतील मुलें गप्प होत. आई दिवसभर "थांब, येऊं देत त्यांना घरीं" असा धाक घाली, आणि दमूनभागून आलेला तो मनुष्य स्वतः न केलेल्या रागाचा धनी होई. कोंकणांतल्या हजारों घरांत तर बाप हा शिमग्याला नाहीं तर गणपतीला येणारा पाहुणाच होता. एरव्हीं मुंबईच्या गिरणीतून टपालवाल्याच्या हातीं येणारी मनीऑर्डर हेंच त्याचें रूप. त्या कुपनावरच्या दोन ओळींत मुलाच्या अभ्यासाची चौकशी असे, आणि ती दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेली असली तरी मुलाला ती बापाचीच वाटे. अशा बापांची थट्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं.

शास्त्रानेंही पित्याकडे उशिरांच लक्ष दिलें. जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ सालीं मातेचें संगोपन आणि मुलाचें मनःस्वास्थ्य यांविषयीं जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यांत पित्याचें मुख्य काम म्हणजे आईला पैशाचा आणि मनाचा आधार देणें, एवढेंच होतें. पुढें १९७५ सालीं मायकेल लॅम्ब या संशोधकानें, पिता हा मुलाच्या विकासांतील विसरलेला वांटेकरी आहे, असें म्हणून या विषयाला तोंड फोडलें, आणि त्यानंतर या अभ्यासाला भरती आली. मध्य आफ्रिकेंतील आका जमातींत बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरांत असतो, असें बॅरी ह्यूलेट यांनीं मोजून दाखविलें. फिलिपाइन्समधील सेबू येथील ६२४ तरुणांच्या पाहणीचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जे बाप झाले त्यांच्या शरीरांतील पौरुषाचें संप्रेरक उतरलें, आणि जे मुलाच्या संगोपनांत रोज कांहीं तास घालवीत त्यांचें अधिक खालीं असल्याचें आढळलें. म्हणजे पितृत्व हें नुसतें समाजानें दिलेलें पद नसून शरीरही त्याची दखल घेतें. मूल सांभाळणें पुरुषाच्या स्वभावांतच नाहीं, असें म्हणणाऱ्यांची येथें सोय उरत नाहीं.

या साऱ्या संशोधनांतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियांतील डायना बॉमरिंड या विदुषीनें १९६० नंतरच्या दशकांत आईबापांच्या वागण्याच्या तऱ्हा वेगळ्या करून दाखविल्या. एक तऱ्हा हुकमाची. तींत 'मी सांगतों म्हणून' हेंच शेवटचें कारण. दुसरी मोकाट सोडण्याची. तिसरी अशी कीं, तींत शिस्त आहे, आग्रह आहे, 'नाहीं' म्हणण्याची हिंमतही आहे. पण त्या 'नाहीं'ला कारण दिलें जातें आणि मुलाची हरकत ऐकून घेतली जाते. तिच्या पाहणींत या तिसऱ्या घरांतलीं मुलें अधिक स्वावलंबी आणि समाधानी निघालीं. आतां, शांत मुलाच्या बापाला शांत राहणें सोपें जातें, आणि स्वभाव रक्तांतूनही उतरतो. तेव्हां यांत कारण किती आणि परिणाम किती हें सांगणें कठीण आहे. आंकड्यांच्या जोरावर बापांना उपदेश करणाऱ्यांनीं हें विसरूं नये. परंतु आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें आंकड्यांवर अवलंबून नाहीं. कारण देणें ही संगोपनाची एक युक्ति आहे, असें शास्त्र म्हणेल. आमच्या मतें तें बापाचें कर्तव्य आहे, आणि त्याचा मुलावर जो खरा ठसा उमटतो तो येथेंच उमटतो.

मूल जें पहिलें राज्य पाहतें तें घरांतलें. त्या राज्याची सत्ता आमच्याकडे बहुतेक बापाच्या हातीं राहत आली. जेथें ती आईच्या हातीं असेल तेथें पुढील सर्व बोलणें आईलाही लागू आहे. कधींतरी एक दिवस हें मूल त्या सत्तेला विचारतें: हें असें कां? तुम्ही सांगतां एक आणि करतां दुसरें, तें कां? हा प्रश्न अडाणी असेल, उद्धट असेल, भलत्या वेळीं विचारलेला असेल. पण त्याला बाप कसा तोंड देतो, यावरून मुलाला आयुष्यभर पुरणारी एक गोष्ट कळते. वडिलांच्याही वर कांहीं सत्य आहे, कीं वडील आहेत तेथेंच सत्य संपतें, ही ती गोष्ट होय. इतर हजार गोष्टी बाप मुलाला शिकवील. त्या मूल विसरेल, टाकून देईल, त्यांच्या उलटही जाईल. ही एक मात्र तें विसरत नाहीं.

आमच्या उपनिषदांत या प्रसंगाचीं दोन चित्रें आहेत. पहिलें सर्वांच्या ओळखीचें. वाजश्रवस सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतो आणि दानांत देतो त्या गाई कशा, तर ज्यांचें पाणी पिऊन झालें, गवत खाऊन झालें, दूध देऊन झालें अशा. कोंवळ्या नचिकेत्याला हें दिसतें. मग तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? एकदां विचारतो, दुसऱ्यांदां विचारतो, तिसऱ्यांदां विचारतो. तेव्हां बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिलें. पुढें यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी काढल्यावर नचिकेत्याला तीन वर मिळतात. व्याख्यानकारांची उडी नेहमीं तिसऱ्या वरावर, आत्मविद्येवर, पडते. आम्हांस पहिल्या वरानें नेहमीं थांबविलें आहे. साक्षात् मृत्यूसमोर उभा राहून हा मुलगा पहिल्यानें काय मागतो? बापाचा राग शांत व्हावा, आणि मी परत जाईन तेव्हां त्यानें मला ओळखून बोलावें, हें. आत्म्याची जिज्ञासा त्याच्या मागून. मुलाच्या मनांत बापाच्या रागाची जागा केवढी असते, हें त्या प्राचीन कवीला पक्कें ठाऊक होतें.

दुसरें चित्र श्वेतकेतूचें. पांचालांच्या सभेंत राजा प्रवाहण जैवलि त्याला विचारतो, बापानें तुला शिकविलें ना? हा म्हणतो, होय. मग राजा पांच प्रश्न घालतो. मेल्यावर जीव कोठें जातात, इत्यादि. एकाचेंही उत्तर येत नाहीं. श्वेतकेतु अपमानानें लाल होऊन घरीं येतो आणि बापालाच धारेवर धरतो: तुम्हीं मला सारें शिकविलें म्हणून सांगितलें होतें ना? यावर तो पिता, एवढा मोठा ऋषि, काय म्हणतो? मला जें ठाऊक होतें तें सर्व तुला सांगितलें. हें मलाच ठाऊक नाहीं. चल, दोघेही जाऊन शिकूं. मुलगा म्हणतो, तुम्हीच जा. आणि बाप खरोखर जातो. ब्राह्मण असून क्षत्रियाच्या दारीं समिधा घेतलेल्या शिष्यासारखा उभा राहतो. वाजश्रवसाला मुलानें फसवेगिरींत पकडलें, उद्दालकाला अज्ञानांत. एकानें मुलगा यमाकडे धाडला, दुसरा स्वतः शाळेंत गेला.

पण केवळ उत्तर देण्यानें काम भागतें काय? येथें आम्हांस एका परकी घराकडे वळावें लागतें. त्या घराचा हिंदुस्थानाशीं संबंध आहे तो असा कीं, तेथील बाप जेवणाच्या मेजासारख्या एका मेजावर बसून, कधींही न पाहिलेल्या हिंदुस्थानाचा इतिहास लिहीत होता. जेम्स मिल यांचा तो इतिहास १८१८ सालीं निघाला. त्याच मेजावर त्यांचा मुलगा जॉन स्टुअर्ट, जन्म १८०६, तीन वर्षांचा असल्यापासून ग्रीक शिकत होता. त्या काळीं ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजींत देणारा कोश नव्हता आणि मुलाला लॅटिन येत नव्हतें. म्हणून प्रत्येक अडलेला शब्द त्याला बापालाच विचारावा लागे. अत्यंत उतावळ्या स्वभावाच्या त्या मनुष्यानें हा व्यत्यय वर्षानुवर्षें सोसला. मुलानें आत्मचरित्रांत याचा उल्लेख आदरानें केला आहे. बापानें आपल्याला पोपट केलें नाहीं, स्वतः विचार करून थकल्यावांचून कांहीं सांगितलें नाहीं, हेंही त्यानें कबूल केलें आहे. शिक्षक म्हणून जेम्स मिलसारखा बाप विरळा.

आणि तरीही १८२६ च्या शरद् ऋतूंत, वयाच्या विसाव्या वर्षीं, या मुलाच्या मनावर असा अंधार पसरला कीं, आपले सारे सुधारणेचे हेतु आज सफळ झाले तर आपणांस सुख होईल काय, या प्रश्नाला त्याचें मन 'नाहीं' असें उत्तर देऊं लागलें. तो हें कोणाजवळ बोलला? कोणाजवळही नाहीं. व्यवहाराच्या अडचणींत ज्याच्याकडे सहज धांव घेतली असती तो बाप या दुःखांत त्याला अगदीं शेवटचा मनुष्य वाटला. कारण आपल्या शिक्षणाचा हा परिणाम पाहून त्याला क्लेश मात्र होतील आणि कळणार कांहींच नाहीं, अशी त्याची खात्री होती. पुढें सुटका कशी झाली हें ऐकण्यासारखें आहे. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बाप वारतो आणि लहान मुलगा घरच्यांना म्हणतो कीं, जें गेलें त्याच्या जागीं मी उभा राहीन, असा प्रसंग आला. तो वाचून मिलच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि आपण अजून दगड झालों नाहीं हें कळून ओझें हलकें झालें. बापाच्या मृत्यूच्या वर्णनावरच हा बांध फुटावा, यावर पुढील मानसशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिलें. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जेम्स मिल यांच्या घरांत शब्दाच्या अर्थाचा प्रश्न विचारतां येत होता, दुःखाचा विचारतां येत नव्हता. बापाला वात्सल्य नव्हतें असें नाहीं, तें दाखविण्याची त्याला लाज वाटे, असें मुलानेंच लिहून ठेविलें आहे. ही लाज आमच्याकडच्या ओटीवर बसणाऱ्या बापांना चांगली ओळखीची आहे.

याच्या अगदीं उलट प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेंत आहे. पंधराव्या वर्षीं त्यांनीं भावाच्या सोन्याच्या कड्यांतला तुकडा चोरला. मग मन खाऊं लागलें म्हणून सारें चिठ्ठींत लिहून, शिक्षा मागून, आजारी पडलेल्या बापाच्या हातीं ती दिली. काबा गांधी तापट म्हणून प्रसिद्ध होते. ते लांकडी पाटावर निजलेले होते. उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी वाहून कागद भिजला, क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हां निजले. एक शब्द नाहीं. त्या वेळीं आपण बापाचें प्रेम पाहिलें, पुढें कळलें कीं ती अहिंसा होती, असें गांधीजींचें म्हणणें आहे. आमच्या मतें मुलाच्या प्रश्नाला दिलेलें हें उत्तरच होतें. आणि त्यांतून निघालेल्या गोष्टीनें पुढें एक देश हलविला.

मग त्याच हातून थोरल्या मुलाचें काय झालें? हरिलाल १८८८ सालीं जन्मले. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहांत ते पुनःपुन्हां तुरुंगांत गेले. त्यांना शिकावयाचें होतें. प्राणजीवन मेहता यांनीं गांधीजींच्या एका मुलाला विलायतेस धाडण्याचा खर्च देऊं केला, तेव्हां गांधीजींनीं निःस्पृहपणें तो लाभ आधीं पुतण्या छगनलाल यांस आणि ते परत आल्यावर सोराबजी अडाजानिया यांस दिला. १९११ सालीं हरिलाल घर सोडून निघाले. १९१५ सालीं पित्यास लिहिलेल्या लांब पत्रांत त्यांची मुख्य तक्रार पैशाची किंवा विलायतेची नाहीं. आपलें म्हणणें कधीं ऐकूनच घेतलें गेलें नाहीं, ही आहे. पुढचा सारा इतिहास, दारू, कर्ज, १९३६ सालचें धर्मांतर आणि पुन्हां परत येणें, बापाच्या वधानंतर कांहीं महिन्यांतच १९४८ सालीं मुंबईंत झालेला अंत, हा वाचकांस ठाऊक आहे. त्या सर्वांचा दोष एका नकारावर घालणें अन्यायाचें होईल; हरिलाल यांचा स्वतःचाही त्यांत वांटा होता. परंतु आम्हांस जें बोंचतें तें असें: पोरबंदरच्या त्या बापानें मुलाची चूक ऐकतांना आपलें तत्त्व बाजूला ठेविलें, त्याच्या मुलानें आपल्या मुलाची इच्छा ऐकतांना तत्त्व पुढें केलें. तत्त्व मोठेंच होतें. पण मोठ्या तत्त्वाशीं वाद घालण्याची ताकद बावीस वर्षांच्या मुलाजवळ कोठून असणार? हुकमाला उलट बोलतां येतें; संताला काय बोलावें? थोर पुरुषांच्या मुलांची कुचंबणा येथें आहे, आणि ती आम्ही फारशी बोलून दाखवीत नाहीं. गांधीजींनीं आत्मकथेंत, मुलांची आपल्या शिक्षणाबद्दल तक्रार आहे आणि तींत कांहीं तथ्य आहे, असें मान्य केलें. निर्णय मात्र त्यांनीं बरोबरच ठरविला.

हरिलाल यांच्या पत्रानंतर चार वर्षांनीं, १९१९ सालीं, प्राग शहरांतील फ्रान्झ काफ्का यानेंही बापाला असेंच लांबलचक पत्र लिहिलें. लहानपणीं एका रात्रीं पाणी पाणी म्हणून रडत होतों, तेव्हां तुम्हीं मला उचलून गच्चींत ठेवलें आणि दार लावलें, ही त्यांतली आठवण प्रसिद्ध आहे. छत्तिसाव्या वर्षीं त्याला तें दार आठवत होतें. पत्र त्यानें आईच्या हातीं दिलें; आईनें तें पोंचविलें नाहीं, असें त्याचा मित्र माक्स ब्रोट सांगतो. म्हणजे तेथें प्रश्न विचारला गेला, पण बापापर्यंत गेलाच नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक. पण घरांत प्रत्येक गोष्टीची सभा भरवूं लागलें तर मुलें बिघडतील. या आक्षेपांत कांहीं अर्थ आहे. तीन वर्षांचें मूल विस्तवाकडे धांवत असतां कारणें सांगत बसणारा बाप मूर्खच. आजकालच्या शहरी घरांतून दुसऱ्या टोंकाचा बापही आम्हांस दिसतो. तो मुलाच्या प्रत्येक 'कां'पुढें माघार घेतो, मागेल तें आणून देतो, आणि त्याला मैत्री म्हणतो. यांत प्रश्नाचा मान नाहीं, प्रश्नापासून पळ आहे. आम्ही म्हणतों तें उत्तर देणें हें होकार देण्याहून निराळें आहे. 'नाहीं' म्हणावें, ठामपणें म्हणावें, आणि त्या 'नाहीं'साठीं आपण जबाबदार राहावें.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना बापच नाहीं त्यांचें काय? गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे असतां, १८७९ सालीं, त्यांचे वडील वारले; थोरल्या भावानें शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकविलें. एकट्या आयांनीं वाढविलेल्या कर्तबगार माणसांची तर यादीच संपावयाची नाहीं. म्हणून पित्यावांचून मूल अपुरें राहतें, असें जे लिहितात त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. नसलेल्या बापापेक्षां असून दार लावून घेणारा बाप मुलाला अधिक जड जातो, असा आमचा समज आहे. कायद्यानेंही आतां हें थोडें ओळखलें आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यांत पालक प्रथम पिता आणि 'त्याच्यानंतर' माता, असे शब्द होते. त्या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मरणानंतर असा नसून, तो नसतांना किंवा लक्ष देत नसतांनाही, असा सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं गीता हरिहरन यांच्या खटल्यांत लाविला.

मुलींचा उल्लेख येथवर आला नाहीं तो मुद्दाम. कारण मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणें आमच्या समाजांत बापाला अधिक महाग पडत आलें आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, म्हणून पंडितांनीं त्यांस जाब विचारिला. त्यांनीं ग्रंथांचे आधार काढून उत्तर दिलें, आणि अखेर गंगामूळच्या रानांत बिऱ्हाड केलें. तेथें १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाईंना शिकविण्याच्या वेळेस ते वृद्ध झाले होते. त्यामुळें मुलीला शिकविलें तें आईनें. बापाचा प्रभाव आईच्या तोंडून कसा वाहतो याचें याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. शास्त्रीबोवा स्वतः कट्टर सनातनी होते. वेद स्त्रियांना शिकवूं नये असेंच त्यांचें मत. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं मुलीला 'पंडिता' म्हटलें, आणि १८८३ सालीं तिनें बापाचा धर्मच सोडला. बापाचें मत तिनें एकही ठेविलें नाहीं. पण चार पंडितांसमोर उभें राहून आपल्या कृतीचें कारण सांगण्याची बापाची जी रीत, ती तिनें जन्मभर सोडली नाहीं. फक्त पुढें समोर हिंदु पंडित होते तसे इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मगुरूही होते.

आतां शेवटीं रामजी सुभेदार. लष्करांतील शाळेंत शिक्षक होते, कबीरपंथी होते, कडक होते. परळच्या चाळींतल्या एका खोलींत, मुलाला अभ्यासाला उठवावयाचें म्हणून स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत. मुलाला पुस्तक हवें झालें कीं लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना उसना आणीत, गहाण टाकीत आणि पेन्शन हातीं आल्यावर सोडवून परत करीत. डॉ. आंबेडकरांनीं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठीं १९५६ सालीं जी प्रस्तावना लिहिली, तींत हा बाप भेटतो. तो रोमन कुलपतीसारखा होता, असें मुलगा म्हणतो. त्याच्याशीं थोडी सलगी एकट्या भीमरावाला करतां येई, कारण आई लहानपणीं गेली होती.

रामजी मुलांकडून रोज महाभारत-रामायण वाचून घेत. इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याबद्दल लोकांनीं भीमरावाचा सत्कार ठरविला तेव्हां, पोराच्या डोक्यांत हवा जाईल, म्हणून बापानें साफ नकार दिला. पण दादा केळुसकरांनीं थोडा वाद घातल्यावर तो मागें घेतला. सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र मुलाला भेट दिलें. तें वाचून मुलानें बापाला विचारलें: ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता पुनःपुन्हां सांगितली आहे, असे ग्रंथ तुम्ही आम्हांला कां वाचावयास लावतां? बुद्धाचे ग्रंथ कां नाहीं दिले? प्रश्न बापाला आवडला नाहीं. असले वेडगळ प्रश्न विचारूं नका, सांगितलें तें करा, असेंच तो प्रथम म्हणाला. हें वाजश्रवसाचें उत्तर. परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. कांहीं दिवसांनीं मुलानें पुन्हां विचारलें, आणि या वेळीं बापानें उत्तर तयार ठेविलें होतें. मधल्या दिवसांत त्या पेन्शनर सुभेदारानें पोराच्या प्रश्नावर विचार केला होता! आपण अस्पृश्य आहों, तो म्हणाला. तुमच्या मनांत आपण हीन आहों अशी भावना शिरण्याचा संभव आहे. ती जावी म्हणून मी हें वाचावयास लावतों. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान माणसें किती उंच चढलीं. वाल्मीकि कोळी होता, त्यानें रामायण रचिलें.

एका जन्मभर अपमान सोसलेल्या बापानें मुलाला दिलेलें हें कारण वाचतांना आमचा कंठ दाटतो. मुलाला मात्र तें पटलें नाहीं. त्यांत थोडें बळ आहे असें त्याला वाटलें, पण समाधान झालें नाहीं. द्रोण, भीष्म, कृष्ण यांपैकीं कोणीच त्याच्या मनांत भरला नाहीं, आणि तसें त्यानें लिहिलेंही. रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला वारले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनीं, आपण बुद्धाकडे कां वळलों हें जगाला सांगण्यास बसलेल्या, पासष्टीला आलेल्या या मुलानें आरंभ केला तो बापाच्या त्या वाचनापासून, आणि न पटलेलें उत्तरही जपून लिहून ठेविलें.